हाताचं वळण

“उद्यापासून दुपारी घरी येशील ना, तेव्हा हात रिकामे घेऊन ये.”

व्यंकटेशचं हे सांगणं सुगुणाच्या कानात अजून तसंच्या तसं होतं, मधल्या खोकल्यासकट. ‘रिकामे’ म्हणताना त्याला धाप लागली होती, आणि पुढचे दोन शब्द यायला इतका वेळ गेला की तिला वाटलं, बोलणं तिथंच संपलं. हुकूम सोडणारा माणूस नव्हे तो. सोलापुरात टॉवेलच्या मागावर त्यानं तीस वर्षं काढली. दिवसभर मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायचं, म्हणून घरी आला की आवाज अगदी खाली आणायचा. आयुष्यात त्यानं बायकोला काही करायला सांगितलं असेल तर ते हेच एक.

चैत्रातली गोष्ट. सुगुणाला सत्तावन्नावं लागलं होतं आणि तिची अर्धी पाळी मंजूर झाली होती.

विडी आता घरी वळता येत नव्हती. तंबाखूची धूळ लहान मुलांच्या छातीत जाते म्हणून कायदा झाला, आणि मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यात बसणाऱ्या बायका एका मोठ्या हॉलमध्ये गेल्या. छताला धूळ ओढून घेणारे पंखे, बसायला उंच चौरंग, पाणी प्यायला वेगळी खोली. विड्या जमा करायच्या जागेचं ‘ब्रँच’ हे जुनं नाव मात्र त्या हॉललाच चिकटलं. सुगुणा नऊ वर्षांची असल्यापासून विड्या वळत होती. तिची मान पुढे झुकली ती झुकलीच. आरशात स्वतःची हनुवटी नीट बघायची तर तिला डोकं दोन्ही हातांनी वर धरावं लागे.

सरकारनं आणलेल्या योजनेचं नाव ‘उतरती पाळी’. पंचावन्न पुरी झालेल्या, वीस वर्षं अंगमेहनत केलेल्या माणसाला कामाचे तास निम्मे करता येत, आणि बुडालेल्या तासांच्या मजुरीऐवजी सरकार आधारवेतन देई. माणसं राबता राबता एके दिवशी एकदम कोसळतात, त्यापेक्षा उतार हळूहळू यावा, हा त्यामागचा विचार. चांगला विचार होता. सुगुणानं त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

अट एकच होती, आणि ती हातावर बसत होती.

“मावशी, उजवा हात द्या. आता डावा,” तपासणी अधिकारी आयेशा बागवान म्हणाल्या. तिशीतल्या असतील. त्यांनी दोन्ही कोपरांच्या जरा खाली एकेक राखाडी, दिवसरात्र घालायची पट्टी बसवली. कागदावर तिचं नाव ‘श्रमनोंद पट्टी’. बायका तिला काकण म्हणत.

“ही काय बघते?” सुगुणानं विचारलं.

“बोट हलवायचं म्हटलं की मेंदू मज्जातंतूंमधून निरोप धाडतो. निरोप पोचला की इथले, कोपराखालचे स्नायू आखडतात, आणि आखडताना विजेची एक बारीक लाट उठते. तुम्हाला कळणारही नाही इतकी बारीक. पट्टी ती लाट कातडीवरून वाचते.”

“म्हणजे मी भाकरी थापते का कपडे पिळते, ते हिला कळणार?”

“ते नाही कळत नीट. पण एकच काम माणूस वर्षानुवर्षं करत राहिला ना, की त्या लाटांनाही वळण लागतं. अक्षराला असतं की नाही, तसं. तुमच्या आठ तासांच्या कामावरून पट्टी आधी ते वळण शिकते. मग कुठंही, कधीही हात तसा चालला की ती ओळखते.” बागवान मॅडम हसल्या. “अर्धी पाळी घेऊन दुसरीकडे चोरून वळायला बसणारे असतात ना काही, त्यांच्यासाठी आहे हे. मोकळ्या तासांत कमाईचं काम दिसलं, तर आधारवेतन थांबतं. तुम्हाला काय भीती?”

“मला कसली भीती? यांच्यापाशी बसायला तर घेतलीय अर्धी पाळी.”

व्यंकटेशच्या फुप्फुसांत कापूस बसला होता. डॉक्टर दुसरं लांबलचक नाव सांगत, पण तिला समजलेलं ते असं. मागावरच्या सुताची धूळ वर्षानुवर्षं आत जात राहिली, आणि आता हवेला जागा उरली नव्हती. कॉटशेजारी प्राणवायूचं यंत्र दिवसभर घुरघुरत असे. त्या यंत्राचं भाडं आणि औषधं तिच्या पूर्ण मजुरीतून भागत. आधारवेतन आलं तर अर्ध्या पाळीतही भागणार होतं.

पहिल्या दुपारी ती आली, हातपाय धुतले, देवापुढे दिवा लावला आणि कॉटच्या कडेला बसली. दोन्ही हात मांडीवर. व्यंकटेश बघत राहिला.

“काय बघताय?”

“तुझी बोटं.”

तिनं खाली पाहिलं. अंगठा तर्जनीवरून पुढे जात होता, मागे येत होता. सूप नव्हतं, पान नव्हतं, आणि ती विडी वळत होती.

व्यंकटेश हसला. हसण्याचा खोकला झाला. “वार्‍याच्या विड्या वळतेस होय गं? ब्रँचमधला चेकर नापास करील हां त्या.”

तिनं हात पदराखाली लपवले. पण पदरही हलत राहिला.

चार दिवस तिनं प्रयत्न केला. रिकामे हात तिला सहन होईनात. हात रिकामा असला की डोकं चालू होई, आणि डोकं एकाच ठिकाणी जाई. यंत्रावरचा, त्याच्या रक्तातला प्राणवायू दाखवणारा तो हिरवा आकडा. काल ब्याण्णव होता, आज नव्वद. मग अक्षय्य तृतीयेला तिनं देवापुढे पळीभर पाणी सोडलं आणि संकल्प केला. लक्षवात. एक लाख फुलवाती स्वतःच्या हातानं वळायच्या, कार्तिक पौर्णिमेला तुपात भिजवून लावायच्या. तोवर यांचा श्वास टिकू दे. त्यानंतरचं त्यानंतर.

कापूस आणला. बोटांना तंबाखूचा रंग इतका मुरलेला, की पहिल्या शंभर वाती पिवळट झाल्या. त्या तिनं बाजूला काढल्या. मग रोज आधी लिंबानं आणि राखेनं बोटं घासायची, आणि मग कापसाला हात लावायचा, असा तिनं नेमच धरला. कापसाचा तंतू उडून त्याच्या नाकात जायला नको, म्हणून ती कॉटपाशी न बसता उंबऱ्यात बसू लागली. वार्‍याची दिशा बघून, त्याच्याकडे पाठ करून.

शेजारची राजक्का रोज दुपारी डोकावून जाई. सहासष्ट वर्षांची, डोळे अधू झाले म्हणून विडी सुटलेली, जीभ मात्र शाबूत.

“विडी सोडली आणि वात धरली होय?” ती उंबऱ्यापलीकडून म्हणायची. “अगं, सरकार पैसे देतंय बसायचे. बस की जरा!”

“बसलेच आहे की अक्का.”

“ही बसतीये व्हय? बघ रे व्यंकटेशा, बायको तुझ्याकडं पाठ करून देवाशी बोलतीये.”

“मला घेतलं ते कापसानं,” तो आतून म्हणाला, “आणि मागती ती कापसाकडंच.”

सुगुणाला ते लागलं. पण ती बोलली नाही, कारण ती मोजत होती. लक्षवातीचा नेम आहे: मोजताना बोलायचं नाही, बोललं तर तेवढ्या वाती परत मोजायच्या. व्यंकटेशला ते ठाऊक होतं आणि तरी तो विसरायचा. “अगं,” असं तो मागून म्हणायचा. ती डावा हात वर करायची: थांबा. तो थांबायचा. पंचवीस पुऱ्या झाल्या की ती वळून विचारायची, “काय म्हणत होता?” तोवर त्याचा डोळा लागलेला असे, किंवा तो म्हणे, “काही नाही. विसरलो.”

पंचवीस, कारण विडीचा कट्टा पंचविसाचा. नकळत ती वातींचेही पंचवीस-पंचविसाचे कट्टे करू लागली होती, आणि वर विडीचाच दोरा गुंडाळत होती. चार हजार कट्टे झाले की लाख. असं मोजलं की लाख जवळ वाटे.

आषाढातल्या एका मंगळवारी दुपारी वीज गेली. प्राणवायूचं यंत्र बॅटरीवर गेलं आणि त्याची घुरघुर मंदावली. इतक्या महिन्यांत घर पहिल्यांदा असं गप्प झालं. सुगुणा घाबरून उठली, कॉटपाशी येऊन आकडा बघू लागली. आकडा ठीक होता.

“बस जरा,” व्यंकटेश म्हणाला आणि त्यानं तिचा उजवा हात धरला. तळवा उलटा करून तर्जनीवरचा घट्टा तो अंगठ्यानं चाचपत राहिला. “लग्नानंतर हिप्परग्याला नेलं होतं तुला. सायकलवर. आठवतं?”

“न आठवायला काय झालं?”

“तलाव बघायला नेलं, आणि तू सूप घेऊन आलीस.” तो थांबला, दम घेतला. “हजार भरायच्या होत्या म्हणून. मी पाण्याकडं बघत बसलो आणि तू सुपाकडं. परत आल्यावर आईनं विचारलं, तलाव कसा होता? तू म्हणालीस, मोठा असेल.”

सुगुणाला हसू आलं. मग डोळे भरले. “तेव्हा सासूबाईंचा धाक होता.”

“आता नाही ना? थंडीत तिथं पक्षी येतात. लांबून, परदेशातून. आपण जाऊ. यंत्र घेऊ छोटं, रिक्षा करू. सूप नको, कापूस नको. पिशवीसुद्धा नको.” पुन्हा दम. “मी नसलो तरी तू जा. एकदा नीट बघून ये. जाशील?”

“असं अभद्र बोलू नये.”

“जाशील?”

“जाईन. आपण दोघं जाऊ.”

तो हात सोडेना. तीही ओढेना. मग वीज आली, यंत्र घुरघुरू लागलं, आणि तिला आठवलं की आजचे सोळा कट्टे राहिलेत.

श्रावणात नोटीस आली.

बागवान मॅडमच्या टेबलावर पडदा होता आणि पडद्यावर लाल रेघांचं रान. “मावशी, मी तुम्हाला चोर नाही म्हणत. पण हे बघा. तुमच्या मोकळ्या चार तासांत रोज पावणेतीन तास विडी वळल्याची हालचाल. रविवारीसुद्धा. आणि हे तर मला कळतच नाही, इथे तुम्ही झोपला आहात, पट्टी नाडीही टिपते, ती झोपेची आहे, आणि तरी हात चाललाय.”

“झोपेत?”

“झोपेत. रोज थोडा वेळ.”

सुगुणानं वातींची सगळी हकीकत सांगितली. विडी वळतात तशीच वातही वळतात, शब्दसुद्धा तोच. अंगठा तसाच पुढे जातो, तसाच मागे येतो. मॅडमनी नीट ऐकून घेतलं, दुसऱ्याच दिवशी त्या घरी आल्या, आणि माळ्यावरच्या डब्यांची झाकणं उघडून उभ्याच राहिल्या. डब्यांत दोऱ्यानं बांधलेले कट्टे रचून ठेवले होते. चोवीसशे.

“पंचवीस-पंचवीस?” त्या हळूच म्हणाल्या.

“हाताची सवय हो.”

“मला पटतंय. पण वरच्या समितीला काय दिसेल? वाती बाजारात विकल्या जातात मावशी. मोजून बांधलेला माल म्हणतील याला. विक्रीचं काम म्हणजे कमाईचं काम.” त्या कपाळ चोळत विचार करत राहिल्या. “एक करता येईल. माझ्यासमोर या वाती लावून टाका. देवळात, घरी, कुठंही. मी फोटो काढते, लिहून देते की वापरल्या, विक्रीला नव्हत्या. केस इथंच मिटेल. उद्यापासून तुमची अर्धी पाळी पूर्ववत.”

“अपुऱ्या लावू?”

“किती कमी आहेत?”

“चाळीस हजार.”

“मग साठ हजार आहेत ना! थोड्या का आहेत?”

सुगुणानं मान हलवली. “संकल्प लाखाचा आहे बाई.”

“नाहीतर अपील करा. पण निकालाला दोन-अडीच महिने लागतील, आणि तोवर आधारवेतन बंद. तुम्हाला पूर्ण पाळी करावी लागेल.”

मॅडम गेल्यावर व्यंकटेशनं तिला जवळ बोलावलं. ती उंबऱ्यातून उठून आली.

“लाव,” तो म्हणाला.

“तुम्हाला काय कळतं त्यातलं?”

“माझ्याच श्वासासाठी आहेत ना? मग मी सांगतो, लाव. देव काय ब्रँचमधला चेकर आहे, कमी भरल्या म्हणून परत करायला?”

“असं बोलू नये. तोंडातून गेलेलं वाक्य आहे. मधेच मोडलं आणि काही झालं, तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?” तिचा आवाज चढला, आणि चढल्याचं तिलाच वाईट वाटलं. ती त्याच्या पायांवरचं पांघरूण नीट करत म्हणाली, “कार्तिकापर्यंतच. दिवसा पूर्ण पाळी, संध्याकाळी जमतील तेवढ्या वाती. पौर्णिमा झाली, निकाल लागला, की मग बसतेच तुमच्यापाशी. रोज. रिकाम्या हातांनी.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बरं.”

एवढंच.

तिनं पाळी पूर्ण केली. सकाळी आठला जायची, संध्याकाळी साडेपाचला यायची. दिवसभर राजक्का व्यंकटेशजवळ बसे, त्याला पेज भरवे, जुन्या गल्लीतल्या भांडणांच्या गोष्टी सांगे. सुगुणा आल्यावर लिंबानं हात घासून उंबऱ्यात बसायची. डोळे मिटायला लागत, बोटं चालत राहत. अठ्ठावीसशे कट्टे झाले.

आश्विनातल्या एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, ब्रँचच्या सुपरवायझर बाई तिच्या चौरंगापाशी येऊन वाकल्या आणि हळू आवाजात काहीतरी सांगू लागल्या. सुगुणाच्या हातातली विडी अर्धी वळून झाली होती. बाई बोलत होत्या; हातानं ती विडी पुरी केली, तिचं तोंड मोडलं, दोरा गुंडाळला आणि सुपात ठेवली. मग सुगुणा उठली.

घरात यंत्र बंद होतं. ती गप्प दुपार पुन्हा आल्यासारखी वाटली. राजक्का भिंतीला टेकून बसली होती.

“काही त्रास नाही झाला गं,” ती म्हणाली. “पेज नको म्हणाला. मग डोळे मिटून पडला.”

“काही बोलले?”

राजक्कानं पेजेचं वाडगं बाजूला सरकवलं.

“अक्का, बोलले का काही?”

“म्हणाला...” राजक्कानं पदर तोंडाशी धरला. “म्हणाला, तिचं मोजून झालं का?”

भिवंडीला दिलेली लेक आली, तेरा दिवस राहिली, गेली. सुगुणाचा नित्यनेम सुटला नाही. पहाटे दिवा, तुळशीला पाणी, अकरा नमस्कार. देवावर रुसायला तिला येत नव्हतं. पण नमस्काराला वाकली की तिला मागून “अगं” ऐकू यायचं आणि डावा हात आपोआप वर जाऊ लागायचा. तो हात तिनं किती वेळा वर केला असेल? आणि प्रत्येक वेळी त्या ‘अगं’च्या पुढे काय होतं? पाणी हवं होतं, की कूस बदलायची होती, की सायकलची आणखी एखादी गोष्ट? सगळ्या वाती मोजलेल्या होत्या. हे कुणी मोजलं नव्हतं.

कार्तिकाच्या पहिल्या आठवड्यात बागवान मॅडमनी बोलावलं. सुगुणा जाऊन खुर्चीवर बसली. मॅडमनी उठून दार लोटलं, मग त्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, तिच्या शेजारी येऊन बसल्या.

“मावशी, निकाल तुमच्या बाजूनं लागला. पूर्ण पाळीत तुमच्या विडीच्या इतक्या नोंदी झाल्या, की पट्टीला वात आणि विडी वेगळी ओळखता आली. विडी वळताना डाव्या हातात पान ताणून धरावं लागतं. वातीला तो ताण नाही. म्हणजे तुम्ही खरं तेच सांगत होता.” त्यांचा आवाज बारीक झाला. “अर्धी पाळी सोमवारपासून. मागचं आधारवेतनही मिळेल. मला... उशीर झाला, मावशी.”

“तुम्ही काय कराल? तुम्ही तर लावा म्हणाला होता.”

मग मॅडमनी पडदा तिच्याकडे वळवला. “अपिलासाठी मी सगळ्या नोंदी बघितल्या. चैत्रापासूनच्या. जागेपणी, झोपेत, तुमचा हात कुठंच थांबत नाही. फक्त एका ठिकाणी थांबलाय. मला वाटलं, पट्टी निघाली असेल. पण नाडी होती.”

लाल रेघांच्या रानात एक सरळ, सपाट रेघ होती. दोन्ही बाजूंना डोंगर, आणि मध्ये पाण्यासारखी सपाट.

“कधीची?”

“आषाढातला मंगळवार. दुपारी तीन चाळीसपासून पुढे अकरा मिनिटं.”

सुगुणानं बोट पुढे केलं आणि पडद्यावरच्या त्या रेघेवर ठेवलं. काच गार होती. वीज आली नसती तर ही रेघ किती लांब गेली असती, ते तिला कळेना. वीज येते ना येते तोच तिनं कट्ट्यांचा विचार केला होता, आणि रेघ जिथं पुन्हा लाल होऊन वर उसळली होती, तिथं तो विचार पडद्यावर दिसत होता.

“कागदावर मिळेल का एवढी?” तिनं विचारलं.

सोमवारी बाराला पाळी सुटली. घरी येऊन तिनं हात धुतले, लिंबानं, राखेनं, मग नुसत्या पाण्यानं. माळ्यावरचे डबे एकेक करून खाली काढले आणि राजक्काच्या दारात नेऊन ठेवले. वर उरलेला कापूस.

राजक्कानं हातानं चाचपून डबे ओळखले. “हे काय?”

“अठ्ठावीसशे आहेत. बाराशे राहिलेत. तुम्ही वळाल? पौर्णिमेपर्यंत नाही झाल्या तर असतील तेवढ्या लावा.”

“असतील तेवढ्या?” राजक्कानं अधू डोळे तिच्याकडे रोखले. “तूच म्हणालीस ना, संकल्प लाखाचा?”

“श्वासासाठी होता. आता नुसता उजेड होऊ दे.”

राजक्कानं कापसाची एक लड ओढून मांडीवर घेतली. “माझ्या हाताला काही काकण नाही,” ती पुटपुटली. “वळीन. डोळ्यांवाचून काय अडतंय त्यात?” आणि मान वर करून, “तू कुठं निघालीस?”

“हिप्परग्याला.”

“आत्ता? एकटी?”

“बस असते साडेबाराची.”

“मग पिशवी घे की. पाण्याची बाटली घे. डब्यात काहीतरी घे बांधून, उपाशी जाशील.”

सुगुणानं बसच्या भाड्याची नाणी पदराच्या टोकाला बांधली होती, आणि तो कागद, चौघडी घालून, ब्लाउजच्या आत होता. तिनं दोन्ही हात पुढे करून पाहिले. बोटं हलत होती. तिनं उजवा हात डाव्या हातात घेतला, त्यानं धरला होता तसा, अंगठा घट्ट्यावर ठेवून.

“नको अक्का,” ती म्हणाली. “काही न घेता जायचंय.”

आणि उंबरा उतरून ती गल्लीतून स्टँडच्या दिशेनं चालू लागली, हळूहळू, मान जमेल तेवढी वर धरून.